चेतापेशींना स्रावित विकर जगवते का, हे प्रयोगाने कसे ठरवावे

१९५० च्या दशकात अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन हे उंदराच्या एका अर्बुदाच्या अर्काचा अभ्यास करत होते. कोंबडीच्या भ्रूणातील चेतागुच्छिका, म्हणजे चेतापेशींचा पुंजका, या अर्कात ठेवली की तिच्याभोवती चेतातंतूंचे दाट प्रभामंडळ उमटत असे. अर्कातील गुणकारी घटक प्रथिन आहे की न्यूक्लिइक आम्ल, हे ठरवण्यासाठी कोहेन यांनी न्यूक्लिइक आम्लाचे तुकडे करणाऱ्या विकराचा (एन्झाइमचा) स्रोत म्हणून सापाचे विष अर्कात मिसळले. तंतूंची वाढ थांबण्याऐवजी अधिकच जोमाने झाली, कारण तो वाढीचा घटक विषातच अर्बुदापेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात होता. विषग्रंथी ही मुळात लाळग्रंथीचेच रूप असल्यामुळे पुढे उंदराच्या लाळग्रंथीत शोध घेण्यात आला, तिथून एनजीएफ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेता वृद्धी घटक) हे प्रथिन शुद्ध स्वरूपात मिळाले आणि या दोघांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हा प्रसंग आरंभी सांगण्याला कारण आहे. विष एकटेच घातलेली डिश शेजारी नसती, तर विषातील विकरानेच तंतू वाढवले असा निष्कर्ष सहज निघाला असता आणि तो चुकीचा ठरला असता. पेशीबाहेर स्रवणारी विकरे चेतापेशींना जगवू शकतात, हे आज अनेक उदाहरणांतून सिद्ध झाले आहे. परंतु एखादे नवे विकर तसे करते असे म्हणायचे असेल, तर 'विकर घातले आणि पेशी जगल्या' एवढे निरीक्षण पुरत नाही. विकराच्या नमुन्यात दुसरे काही मिसळलेले असू शकते, विकराचा रेणू काहीही न कापता केवळ ग्राहीला, म्हणजे पेशीवरील संदेश घेणाऱ्या प्रथिनाला, चिकटूनही परिणाम घडवू शकतो आणि जगल्याशा वाटणाऱ्या पेशी चेतापेशी नसूही शकतात. जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आणि संशोधनाला नव्याने लागलेल्यांसाठी लिहिलेल्या या मार्गदर्शनातील प्रत्येक पायरी एकाच गोष्टीकडे जाते: पेशी जगण्याचे कारण त्या विकराचे उत्प्रेरण, म्हणजे त्याने घडवलेली रासायनिक क्रिया, हेच आहे, हे दाखवणे.

विकर कुठे काम करते, हा प्रश्न आधी

स्रावित विकराला चेतापेशी जगवण्याचे निदान तीन मार्ग उपलब्ध असतात आणि मार्गानुसार प्रयोग बदलतो. म्हणून पिपेट हाती घेण्यापूर्वी आपला अंदाज कोणत्या मार्गाचा आहे, हे वहीत लिहून ठेवावे.

पहिल्या मार्गात विकर पेशीबाहेरच्या एखाद्या प्रथिनावर काम करते. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण एनजीएफचेच आहे. हे प्रथिन पेशीत लांब पूर्वरूपात तयार होते, त्याला प्रो-एनजीएफ म्हणतात. त्याचा पुढचा भाग कापला गेला की परिपक्व एनजीएफ उरते. त्याची एक साखळी सुमारे १३ किलोडाल्टनची असते आणि अशा दोन साखळ्यांची जोडी मिळून काम करते. परिपक्व रूप चेतापेशीच्या पृष्ठभागावरील ट्रक-ए या ग्राहीला बांधले गेले की पेशी जगते. न कापलेले पूर्वरूप मात्र पी७५ आणि सॉर्टिलिन या ग्राहींच्या जोडीला घट्ट बांधले जाते आणि पेशी ॲपॉप्टोसिसच्या, म्हणजे नियोजित मृत्यूच्या, वाटेला लागते. एकाच जनुकातून आलेले प्रथिन मारणार की तारणार, हे ते कापले जाते की नाही यावर ठरते. काप बहुधा पेशीच्या आतच फ्युरिन या विकराकडून बसतो. परंतु स्रवलेले प्रो-एनजीएफ पेशीबाहेर प्लाझ्मिन आणि एमएमपी-७ ही विकरेही कापू शकतात, हे बार्बरा हेम्पस्टेड यांच्या गटाने २००१ मध्ये दाखवले. सॉर्टिलिनची भूमिका २००४ मध्ये उघड झाली. त्याच वर्षी एनजीएफच्या कुळातील बीडीएनएफ या प्रथिनाच्या बाबतीतही टीपीए आणि प्लाझ्मिन यांची साखळी पूर्वरूपाचे परिपक्व रूप करते, असे दिसून आले. चेतापेशी टीपीए स्रवतात, टीपीए प्लाझ्मिनोजेन कापून प्लाझ्मिन तयार करते आणि प्लाझ्मिन पूर्वरूपाला कापते.

दुसऱ्या मार्गात विकर पेशीच्या पटलातील मेदावर परिणाम करते. फळमाशीतील सेरामिडेज हे याचे मला फार आवडणारे उदाहरण आहे. सेरामाइड या मेदाचे विघटन करणारे हे विकर नसलेल्या माश्यांच्या डोळ्यांतील प्रकाशग्राही चेतापेशी प्रकाशात ऱ्हास पावतात. ऱ्हास पावणाऱ्या डोळ्याच्या एका उत्परिवर्तित माशीत डोळ्यापासून दूरच्या ऊतींमध्ये सेरामिडेज अधिक प्रमाणात तयार करवले असता त्या प्रकाशग्राही पेशींचा ऱ्हास रोखला गेला. स्रवलेले विकर पेशीच्या आत, एंडोसोम या बाहेरून आत घेतलेले पदार्थ नेणाऱ्या पुटिकांमध्ये पोचते हेही दाखवण्यात आले. हे काम २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. विकर एकीकडे तयार व्हावे आणि जीव दुसरीकडच्या पेशीचा वाचावा, याहून नेमका पुरावा क्वचितच मिळतो.

तिसऱ्या मार्गात विकर पेशीत शिरून लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतील विघटन करणाऱ्या पुटिकांमध्ये, काम करते. १९६८ मध्ये एलिझाबेथ न्यूफेल्ड यांच्या प्रयोगशाळेत हर्लर आणि हंटर या दोन आनुवंशिक आजारांच्या रुग्णांच्या त्वचेतील पेशी एकत्र वाढवल्या, तेव्हा त्यांनी एकमेकींतील दोष भरून काढला. प्रत्येकीत नसलेले विकर दुसरी स्रवत होती. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सर्लिपोनेज अल्फा हे औषध याच तत्त्वावर उभे आहे. बॅटन आजार या मुलांच्या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या सीएलएन२ या प्रकारात टीपीपी१ हे विकर नसते. ते दर दोन आठवड्यांनी मेंदूच्या पोकळीतील द्रवात सोडले जाते आणि पेशी ते आत घेतात.

हा भेद व्यवहारात महत्त्वाचा आहे. लायसोसोममधील विकरे आम्लधर्मी परिस्थितीत काम करतात आणि संवर्धन माध्यमाच्या ७.४ सामूला ती जवळजवळ निष्क्रिय असतात. तेव्हा असे विकर माध्यमात क्रियाशील दिसले नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. त्यांतील बरीचशी विकरे मॅनोज-६-फॉस्फेट या खुणेच्या आधारे पेशीत ओढली जातात. माध्यमात काही मिलिमोलर मॅनोज-६-फॉस्फेट घातल्यावर संरक्षण नाहीसे झाले, तर विकर आत शिरूनच काम करते असा भक्कम संकेत मिळतो. पुढील विवेचन मुख्यतः पहिल्या मार्गाचे, म्हणजे एनजीएफ कापणाऱ्या विकरांचे आहे, कारण तिथे पुराव्याची साखळी अखेरपर्यंत जोडता येते.

चेतापेशी कोणत्या घ्याव्यात

ज्या पेशींचे मरण एका ज्ञात कारणाने होते, त्याच पेशी निवडाव्यात. नवजात उंदराच्या मानेतील वरच्या अनुकंपी (सिम्पथेटिक) गुच्छिकेच्या चेतापेशी यासाठी उत्तम, कारण त्या एनजीएफवर जगतात आणि ते काढून घेतल्यावर साधारण २४ ते ४८ तासांत बहुतांश मरतात. त्यांच्यावर ट्रक-ए आणि पी७५ हे दोन्ही ग्राही असल्यामुळे प्रो-एनजीएफचा मारक आणि एनजीएफचा तारक असे दोन्ही परिणाम एकाच पेशीत पाहता येतात. कोंबडीच्या ८ ते १० दिवसांच्या भ्रूणातील पृष्ठमूल गुच्छिका स्वस्त आणि सोप्या असतात. हात बसवण्यासाठी आणि परिपक्व एनजीएफची क्रिया तपासण्यासाठी त्या वापराव्यात. १९७६ मध्ये उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील अर्बुदापासून तयार झालेला पीसी१२ हा पेशीवंश प्राथमिक चाचणीला चालतो, मात्र त्या विभाजन पावणाऱ्या पेशी आहेत. तेव्हा अंतिम दावा त्यांच्यावर उभा करू नये.

गुच्छिका सुटी करताना ट्रिप्सिन वापरण्याची पद्धत आहे. इथेच पहिली अडचण दडलेली असते. ट्रिप्सिन हे स्वतः प्रथिने कापणारे विकर आहे आणि त्याचा अंश डिशमध्ये राहिला तर आपण न घातलेले कापणे तिथे सुरूच राहते. म्हणून सोयाबीनमधील ट्रिप्सिनरोधक घालून पेशी निदान दोनदा धुवाव्यात.

डिशच्या तळावरील लेपाकडेही असेच लक्ष द्यावे. पॉलिलायसिनच्या एल आणि डी या दोन रूपांपैकी एल रूप प्रथिनभंजक विकरांना कापता येते, आणि प्लाझ्मिन तर लायसिन किंवा आर्जिनिन यांच्यानंतरच काप घेते. डी रूप मात्र या विकरांना दाद देत नाही. प्रथिनभंजक विकराचा अभ्यास करताना पॉलि-डी-लायसिनच वापरावे. नाहीतर लेप विरघळतो, पेशी सुटून तरंगू लागतात आणि त्या धुण्यात निघून गेल्या की मेल्या अशी नोंद होते.

गुच्छिकेत चेतापेशींबरोबर चेतातंतूंभोवतीच्या श्वान (Schwann) पेशी आणि तंतुपेशीही येतात आणि त्या स्वतः वृद्धी घटक स्रवतात. त्यांचे विभाजन थांबवण्यासाठी सायटोसिन ॲरॅबिनोसाइड वापरण्याची प्रथा आहे. परंतु ते अनुकंपी चेतापेशींनाही मारू शकते, हे बऱ्याच जणांना माहीत नसते. फ्लुओरोडिऑक्सियुरिडिन आणि युरिडिन यांची जोडी त्या मानाने सौम्य असते. कोणतेही वापरले तरी ते एकटे घातलेली डिश ठेवावी.

माध्यमात आधीच काय आहे

माझा अनुभव असा की या विषयातील फसलेल्या प्रयोगांपैकी निम्म्याहून अधिक माध्यमामुळे फसतात, म्हणून हा भाग सावकाश वाचावा.

गोवंशीय भ्रूणाच्या सिरममध्ये प्लाझ्मिनोजेन असते. पेशींनी टीपीए स्रवले की याच प्लाझ्मिनोजेनपासून प्लाझ्मिन तयार होते, आणि आपल्या पेशींनी प्लाझ्मिन बनवले असा समज होतो. सिरममध्ये अल्फा-२-अँटिप्लाझ्मिन आणि अल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन हे विकररोधकही असतात; त्यांतील दुसरा एनजीएफसारख्या प्रथिनांनाही बांधून ठेवतो. अशा माध्यमात 'विकराचा परिणाम दिसला नाही' या वाक्याला काही अर्थ राहत नाही. प्रयोगाच्या काळात माध्यम सिरमविरहितच असले पाहिजे.

सिरमऐवजी अनेक जण बी२७ हे पूरक वापरतात. त्यात कॅटलेज आणि सुपरऑक्साइड डिसम्युटेज ही दोन विकरे मुळातच असतात, आणि ती दोन्ही ऑक्सिजनच्या घातक रूपांपासून चेतापेशींचे रक्षण करतात. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, त्याचे एक उत्तर बाटलीतच घालून दिलेले असते. ऑक्सिडीकरणरोधक वगळलेले बी२७ वेगळे मिळते, ते मागवावे. माध्यमातील पायरुव्हेटही हायड्रोजन पेरॉक्साइड नष्ट करते. तुमचे विकर कॅटलेजसारखे काम करत असल्याचा संशय असेल, तर पायरुव्हेट असलेल्या माध्यमात त्याचा प्रभाव झाकला जाईल.

तुलनेसाठी विकत घेतलेले एनजीएफ कोणत्या प्रकारचे आहे, तेही पाहावे. लाळग्रंथीतून मिळणाऱ्या ७एस या मोठ्या संकुलात गॅमा नावाचा घटक असतो आणि तो कॅलिक्रिन कुळातील प्रथिनभंजक विकर आहे. या कामासाठी २.५एस किंवा पुनःसंयोजित बीटा एनजीएफच घ्यावे. त्याची १० ते ५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटर मात्रा अनुकंपी पेशींना पुरते.

स्राव गोळा करणे, आणि तो स्रावच आहे याची खात्री

ज्या पेशी विकर स्रवतात असा अंदाज आहे, त्या तीन वेळा सिरमविरहित माध्यमाने धुवाव्यात आणि ताज्या सिरमविरहित माध्यमात २४ तास ठेवाव्यात. नंतर माध्यम काढून बर्फावर ठेवावे, ३०० जी वेगाने १० मिनिटे फिरवून तरंगत्या पेशी आणि २,००० जी वेगाने २० मिनिटे फिरवून मोडतोड काढावी, ०.२२ मायक्रोमीटरच्या, प्रथिन कमी चिकटणाऱ्या गाळणीतून गाळावे. छोट्या कुप्यांत विभागून उणे ८० अंशांवर ठेवावे आणि कोणतीही कुपी दुसऱ्यांदा गोठवू नये. याच वेळी, त्याच प्लेटवर, पेशी नसलेल्या वेलमधील माध्यमही २४ तास ठेवून तशाच रीतीने गोळा करावे. हे कोरे माध्यम पुढील प्रत्येक तुलनेचा आधार असते आणि घाईत तेच वगळले जाते. गोळा करताना सरसकट विकररोधक मिश्रण घालण्याची सवय असेल तर ती इथे मोडावी, कारण ते मिश्रण पुढे चेतापेशींवरही जाईल.

सिरम काढल्यावर काही पेशी मरतातच आणि त्यांच्यातील विकरे बाहेर गळतात. ते स्रवणे नव्हे. म्हणून लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे पेशीच्या आतले विकर माध्यमात मोजून ते पेशींतील एकूण प्रमाणाच्या किती टक्के आहे ते पाहावे, आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रतिपिंडाने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीत) ट्युब्युलिन हे पेशीच्या आतलेच प्रथिन माध्यमात दिसत नाही याची खात्री करावी. ब्रेफेल्डिन-ए हे एंडोप्लाझ्मिक जालिकेपासून गॉल्जीकडे जाणारी वाहतूक थांबवते. ते थोड्या तासांसाठी घातल्यावर माध्यमातील विकर घटले तर ते स्रावमार्गानेच बाहेर पडत होते. तसे ते घटले नाही, तर विकर बारीक पुटिकांमधून बाहेर येत असण्याची शक्यता तपासावी. त्यासाठी माध्यम १,००,००० जी वेगाने फिरवावे लागते आणि वरचा द्रव व तळचा साका वेगवेगळे तपासावे लागतात.

संरक्षण विकराचेच आहे, हे दाखवणे

माध्यमाने चेतापेशी वाचल्या असे दिसले की खरे काम सुरू होते. प्रथम १० किलोडाल्टनच्या गाळणीने माध्यमाचे दोन भाग करावेत. संरक्षण खाली उतरलेल्या भागात असेल, तर ते बहुधा एखाद्या छोट्या रेणूचे आहे आणि विकराचा विचार तिथेच थांबवावा. वरच्या भागात असेल तर प्रथिनाची शक्यता वाढते.

त्यानंतर बहुतेक जण माध्यम ९५ अंशांना तापवतात आणि परिणाम गेला की विकर सापडले असे समजतात. तापवल्याने विकराइतकीच इतर प्रथिनेही बिघडतात, त्यामुळे ही चाचणी विकराची नसून केवळ प्रथिनाची आहे. उलट रायबोन्यूक्लिएज-ए सारखी काही विकरे उकळूनही थंड झाल्यावर पुन्हा कार्यक्षम होतात. तापवण्याची चाचणी करावी, पण तिच्यावर वाक्य उभारू नये.

विकराची क्रिया थेट मोजावी. एमएमपी-२ आणि एमएमपी-९ साठी जिलेटिन मिसळलेल्या जेलवरील झायमोग्राफी सोपी आहे: माध्यम न उकळता आणि क्षपणकारक न घालता जेलवर चालवावे, जेलमधील एसडीएस हे प्रथिने उलगडणारे अपमार्जक ट्रायटनने धुऊन काढावे, कॅल्शियमयुक्त द्रावणात ३७ अंशांना रात्रभर ठेवावे आणि रंगवावे, जिथे विकर असेल तिथे निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी पट्टी उमटते. मात्र एसडीएसमुळे ९२ आणि ७२ किलोडाल्टनची निष्क्रिय पूर्वरूपेही जेलमध्ये क्रियाशील होतात, त्यामुळे ती पट्टी पाहून डिशमध्येही विकर कामात होते असे म्हणता येत नाही. प्लाझ्मिनसाठी कापले गेल्यावर चमकणारे कृत्रिम पेप्टाइड वापरून प्रत्यक्ष माध्यमातली गती मोजणे अधिक चांगले.

विकररोधक रसायने ही पुढची पायरी आहे, पण त्यांची व्याप्ती लक्षात ठेवावी. ॲप्रोटिनिन प्लाझ्मिनला थांबवते, तसेच ट्रिप्सिन आणि कॅलिक्रिनलाही थांबवते. जीएम६००१ हे एमएमपी विकरांना थांबवते आणि त्याच कुळाच्या शेजारच्या एडीएएम विकरांनाही. ज्या द्रावकात रोधक विरघळवला, तो द्रावक तेवढ्याच प्रमाणात इतर सर्व डिशमध्ये घालावा.

सर्वांत वजनदार पुरावा येतो तो निष्क्रिय केलेल्या विकरातून. प्लाझ्मिनच्या क्रियाकेंद्रात हिस्टिडिन ६०३, ॲस्पार्टेट ६४६ आणि सेरिन ७४१ हे तीन घटक असतात. सेरिन ७४१ च्या जागी ॲलनिन बसवलेले प्लाझ्मिनोजेन घडणीने मूळ प्रथिनासारखेच असते, पण टीपीएने कापल्यावरही ते दुसऱ्या प्रथिनाला कापू शकत नाही. मूळ आणि निष्क्रिय अशी दोन्ही रूपे एकाच पेशीप्रकारात, एकाच पद्धतीने तयार करून, एकाच रीतीने शुद्ध करून, वेस्टर्न ब्लॉटवर समान प्रमाण जुळवून घालावीत. मूळ रूपाने पेशी वाचल्या आणि निष्क्रिय रूपाने वाचल्या नाहीत, तरच श्रेय उत्प्रेरणाला देता येते. दोन्हींनी सारख्याच वाचल्या, तर संरक्षण खरे असूनही ते विकर म्हणून केलेले नाही, आणि तो शोधही प्रामाणिकपणे तसाच मांडावा. स्वतःच्या प्रयोगशाळेत हे उत्परिवर्तन करणे महागडे वाटते, म्हणून अनेक प्रबंध रोधकांवरच थांबतात. मला वाटते, चार रोधकांवर खर्च करण्यापेक्षा हे एक प्लाझ्मिड (जनुक वाहून नेणारे डीएनएचे वर्तुळ) तयार करणे अधिक उपयोगाचे आहे.

साखळीची दुसरी बाजू म्हणजे ज्यावर विकर काम करते ते प्रथिन. प्रो-एनजीएफच्या कापण्याच्या जागेवरील आर्जिनिन बदलून न कापले जाणारे प्रो-एनजीएफ बनवता येते. साधे प्रो-एनजीएफ आणि प्लाझ्मिन एकत्र घातल्यावर पेशी जगल्या, पण न कापले जाणारे रूप आणि प्लाझ्मिन घातल्यावर मेल्या, तर विकराने नेमके कोणते प्रथिन कापून जीव वाचवला ते कळते. ब्लॉटवर सुमारे ३२ किलोडाल्टनची पट्टी जाऊन १३ किलोडाल्टनची पट्टी येताना दिसली पाहिजे. अखेरीस, परिपक्व एनजीएफला अडवणारे प्रतिपिंड किंवा ट्रक ग्राहींना रोखणारे के२५२ए घातल्यावर संरक्षण नाहीसे झाले पाहिजे. ते नाहीसे झाले नाही, तर विकर आणखी कशावर तरी काम करत आहे.

मोजणी

एमटीटी चाचणीचा रंग पेशींच्या चयापचयाची गती दाखवतो. चेतापेशी अर्ध्या मेल्या आणि श्वान पेशी दुप्पट झाल्या, तरी रंग पूर्वीइतकाच येऊ शकतो. तिच्यावर विसंबून काढलेले स्तंभालेख पाहून मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यामागे महिनोन्महिन्यांचे कष्ट असतात. चेतापेशी त्यांची खूण असलेल्या बीटा-३ ट्युब्युलिनच्या प्रतिपिंडाने रंगवाव्यात, केंद्रके हेक्स्टने रंगवावीत आणि आक्रसून तुकडे झालेली केंद्रके वेगळी मोजावीत. त्याहून चांगले म्हणजे डिशच्या तळाला खुणा करून, विकर घालण्यापूर्वी ठरावीक चौकटींतील चेतापेशी मोजाव्यात आणि ४८ तासांनी त्याच चौकटी पुन्हा मोजाव्यात. यामुळे प्रत्येक वेलमध्ये आरंभी किती पेशी चिकटल्या हा फरक आपोआप बाजूला होतो. मोजणाऱ्याला कोणत्या वेलमध्ये काय आहे हे कळता कामा नये. एका दिवशी एका विच्छेदनातून भरलेले सहा वेल म्हणजे सहा प्रयोग नव्हेत, तो एकच प्रयोग आहे. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या पिलांपासून केलेले प्रयोगच संख्याशास्त्रात स्वतंत्र मोजावेत.

निकाल उलटा आला तर

हीच विकरे चेतापेशींना मारतही असतात. टीपीए नसलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधील चेतापेशी उत्तेजक विषाला अधिक टिकाव धरतात, हे १९९५ मध्ये दिसून आले. प्लाझ्मिनने पेशींभोवतीच्या लॅमिनिन या आधारप्रथिनाचा नाश करणे हे त्यामागचे एक कारण असल्याचे १९९७ मध्ये पुढे आले. ज्या टीपीएमुळे बीडीएनएफ परिपक्व होते, त्याच टीपीएमुळे पेशीचा आधार उखडतो. २००६ मध्ये उंदराच्या मेंदूच्या बाह्यकात केलेल्या अभ्यासात प्लाझ्मिन प्रो-एनजीएफला परिपक्व करते, तर एमएमपी-९ परिपक्व एनजीएफला नष्ट करते, असे आढळले. म्हणून एकाच मात्रेवर निष्कर्ष काढू नये. दहा-दहा पटींनी वाढत जाणाऱ्या निदान चार मात्रा आणि मोजणीचे निदान तीन कालबिंदू घ्यावेत. लॅमिनिनच्या लेपावर केलेला प्रयोग केवळ पॉलि-डी-लायसिनवरही करून पाहावा. लॅमिनिनवर मरणाऱ्या पेशी दुसऱ्या लेपावर जगल्या, तर विकराने पेशीला नव्हे, तिच्या आधाराला धक्का लावला होता.

साधने मर्यादित असताना

लहान महाविद्यालयातही यातले बरेच काही करता येते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील पेशीभांडार देशभरातील प्रयोगशाळांना पेशीवंश पुरवते. पीसी१२ साठी तिथे विचारणा करावी आणि सिरम काढून घेतल्यावर मरणाऱ्या पीसी१२ पेशी एनजीएफने वाचतात, हा साधा प्रयोग आधी तीन वेळा सारखा येईपर्यंत करावा. त्यानंतर स्राव गोळा करणे, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज आणि झायमोग्राफी. यांना महागडी उपकरणे लागत नाहीत. नवजात उंदरांच्या गुच्छिकांकडे वळण्यापूर्वी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची मंजुरी लागते आणि तिला वेळ जातो, तेव्हा अर्ज पीसी१२ चे काम सुरू करतानाच द्यावा. निष्क्रिय विकराचे प्लाझ्मिड आधीच बनवलेल्या प्रयोगशाळेला पत्र लिहून मागावे. बहुतेक संशोधक ते आनंदाने पाठवतात.

स्रावाच्या प्रत्येक तुकडीवर तारीख, पेशींचा पिढीक्रमांक, पेशींची संख्या आणि माध्यमाच्या बाटलीचा लॉट क्रमांक लिहावा, आणि तिच्यातील एक कुपी कोऱ्या माध्यमाच्या जोडकुपीसह न वापरता बाजूला ठेवावी. दोन वर्षांनी परीक्षकाने एखाद्या विकराचे नाव घेऊन 'हे तपासले का' असे विचारले, तर उत्तर त्याच तुकडीत शोधावे लागते. पेशी पुन्हा वाढवून गोळा केलेला स्राव हा दुसऱ्या प्रयोगाचा स्राव असतो.